घोटा आणि त्याचा पहारेकरी

पावसाळ्याचे दिवस असतात, मैदान नुकतेंच भिजलेलें असतें आणि हुतूतूचा डाव ऐन रंगांत आलेला असतो. चढाई करणारा गडी मध्यरेषेकडे वळतो, इतक्यांत त्याचें पाऊल एका लहानशा खळग्यांत पडतें, तळवा आंतल्या बाजूस वळतो आणि सगळा देह त्या वांकड्या पावलावर येऊन पडतो. गडी खालीं बसतो. मग भोंवतीं जमलेल्या मंडळींतून पांच मिनिटांत चार उपाय सुचविले जातात. एक म्हणतो, “पाय धरून जोरानें ओढा.” दुसरा म्हणतो, “तेल गरम करून चोळा.” तिसरा एखाद्या पायाळू माणसास बोलावण्यास धांवतो, कारण पायाळूचा पाय लागला कीं लचक जाते अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. चौथा म्हणतो, “ऊठ, मैदानाला एक फेरी घाल, म्हणजे आपोआप बसेल.” त्या दुखणाऱ्या घोट्याचें स्वतःचें म्हणणें काय आहे, हें मात्र कोणीच विचारीत नाहीं.

हा प्रसंग केवळ मैदानावरचा नव्हे. आमचा मूल तालुका हा भाताचा मुलूख. रोवणीच्या दिवसांत येथील स्त्रीपुरुष सकाळपासून चिखलाच्या बांधींत उभे असतात आणि पऱ्ह्यांचें ओझें घेऊन निसरड्या धुऱ्यावरून चालतात. उन्हाळ्यांत तींच माणसें मोहफुलें वेंचावयास व तेंदूपत्ता तोडावयास दगडांनीं आणि मुळांनीं भरलेल्या रानवाटा तुडवितात. ज्यांचें पोट पायांवर चालतें त्यांचा घोटा मुरगळला, तर घरांतील एक मजुरी बुडते. म्हणून या लेखांत घोटा कसा घडला आहे, तो मुरगळतो तेव्हां आंत काय होतें, आणि त्या वेळीं होणारी वेदना ही आपली वैरीण नसून आपला पहारेकरी कशी आहे, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

पावलाची घडण

एका पावलांत २६ हाडें असतात. टांच व घोटा यांच्या भागांत आखूड व ओबडधोबड अशीं ७, मधल्या भागांत लांबट अशीं ५ आणि बोटांत १४. अंगठ्यांत दोन व उरलेल्या चार बोटांत प्रत्येकीं तीन, असा या चौदांचा हिशेब आहे. दोन्ही पावलांचीं मिळून ५२ हाडें झालीं. प्रौढ मनुष्याच्या सर्व शरीरांत साधारणपणें २०६ हाडें असतात. म्हणजे त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा विधात्यानें घोट्याखालीं ठेविला आहे. एवढ्याशा जागेंत इतके तुकडे कशासाठीं? एकच अखंड हाड अधिक बळकट झालें नसतें काय? झालें असतें, पण तें केवळ सपाट फरशीवरच उपयोगी पडलें असतें. ढेकळांवर किंवा नदीच्या गोट्यांवर पाऊल टेकतांच तें क्षणभर सैल होऊन जमिनीचा आकार घेतें, आणि पुढच्याच क्षणीं ताठ होऊन देहास पुढें ढकलतें. हें कौतुक अनेक तुकड्यांवांचून साधत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं एक प्रयोग करून पाहावा. पाय ओला करून कोरड्या फरशीवर टेकावा आणि उचलून घ्यावा. टांच, बाहेरची कड आणि बोटांचा भाग उमटलेला दिसेल. आंतली बाजू बहुधा कोरडीच राहील. तीच पावलाची कमान. पुलाच्या कमानींतील दगड एकमेकांस रेटून उभे असतात; पावलाच्या कमानीस याशिवाय टांचेपासून बोटांकडे तळव्याखालून गेलेल्या एका चिवट पट्ट्याचा ताणहि असतो. लहान मुलांचे तळवे सपाट दिसतात व त्यामुळें कांहीं पालक चिंतेंत पडतात. परंतु वयाबरोबर बहुतेकांची कमान आपोआप आकार घेते. पाय दुखत नसेल तर चिंतेचें कारण सहसा नसतें.

घोट्याचा सांधा

आतां पावलाच्या वर येऊं. गुडघ्याखालीं दोन हाडें आहेत. एक पुढचें जाड, ज्यास आपण नडगी म्हणतों, आणि दुसरें बाहेरच्या बाजूचें बारीक. या दोहोंचीं खालचीं टोंकें दोन बाजूंनीं खालीं उतरलेलीं असतात. हाताला लागणारे आंतला आणि बाहेरचा असे दोन उंचवटे म्हणजे हींच टोंकें. त्यांच्यामध्यें जी खांच तयार होते तींत पावलाचें सर्वांत वरचें हाड, ज्यास वैद्यकांत ‘टॅलस’ म्हणतात, तें बरोबर बसतें. सुतार लाकडाच्या खांचेंत दुसऱ्या लाकडाचें टोंक जसें बसवितो, तशीच ही जोडणी आहे. या टॅलसची एक नवलाची गोष्ट अशी कीं, त्यास एकहि स्नायु चिकटलेला नाहीं. वरून देहाचा भार आणि खालून जमिनीचा रेटा यांच्यामध्यें तें केवळ अस्थिबंधांच्या आधारानें राहतें. अस्थिबंध म्हणजे एका हाडास दुसऱ्या हाडाशीं बांधून ठेवणाऱ्या चिवट, तंतुमय दोऱ्या.

हें हाड पुढच्या बाजूस रुंद व मागच्या बाजूस अरुंद आहे. यामुळें पाऊल वर उचललें असतां त्याचा रुंद भाग खांचेंत घट्ट बसतो; पण पाऊल खालीं ताणलें, म्हणजे अरुंद भाग खांचेंत येऊन सांधा थोडा सैल पडतो. उडी मारून आपण चवड्यांवर पडतों, किंवा उतारावरून खालीं येतों, तेव्हां घोटा अशा सैल स्थितींत असतो. पाय मुरगळण्याचे पुष्कळ प्रसंग अशाच वेळीं कां येतात, हें यावरून ध्यानांत येईल.

दुसरें असें कीं, घोट्याच्या दोन बाजू सारख्या नाहींत. बोटें लावून पाहिल्यास बाहेरचा उंचवटा आंतल्यापेक्षां अधिक खालीं उतरलेला आढळेल. त्यामुळें पाऊल बाहेर वळूं लागलें तर तें या हाडावर अडतें. आंत वळूं लागलें तर तसा अडथळा कमी. शिवाय आंतल्या बाजूचा अस्थिबंध रुंद, त्रिकोणी व अतिशय बळकट आहे. बाहेरच्या बाजूस मात्र तीन निरनिराळ्या बारीक दोऱ्या आहेत. म्हणून मुरगळलेल्या शंभर घोट्यांपैकीं बहुतेकांत तळवा आंत वळलेला असतो आणि इजा बाहेरच्या बाजूस झालेली असते.

आपल्या प्राचीन वैद्यांनींहि हा सांधा नाजूक म्हणून ओळखला होता. सुश्रुतसंहितेंत घोट्यास, म्हणजे गुल्फास, मर्मस्थान म्हटलें असून ज्या मर्मांस इजा झाल्यास मोठी वेदना होते अशांच्या वर्गांत त्याची गणना केली आहे.

घोटा मुरगळतो तेव्हां

तळवा आंत वळला कीं बाहेरच्या तीन दोऱ्यांपैकीं पुढची दोरी प्रथम ताणली जाते. भार अधिक असल्यास ती तुटते. मग मधल्या दोरीवर ताण येतो. तिसरी, मागची दोरी क्वचितच तुटते. यावरून लचकेचे तीन प्रकार मानितात. पहिल्यांत दोरी नुसती ताणलेली असते, दुसऱ्यांत तिचे कांहीं तंतु तुटलेले असतात, आणि तिसऱ्यांत ती पुरती तुटून सांधा सैल झालेला असतो. तंतूंबरोबर बारीक रक्तवाहिन्याहि फुटतात. म्हणून सूज येते आणि त्वचेवर काळानिळा डाग पडतो. हा डाग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं टांचेकडे किंवा बोटांकडे सरकलेला दिसतो व घरचीं माणसें घाबरतात. परंतु तें सांडलेलें रक्त आपल्या भारानें खालीं उतरलेलें असतें, एवढेंच.

येथें शाळकरी मुलांच्या पालकांस एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. वाढत्या वयाच्या मुलांत हाडाच्या टोंकाजवळ कूर्चेची एक पट्टी असते व तींतूनच हाड लांबीनें वाढतें. ही पट्टी अस्थिबंधापेक्षां दुबळी असते. म्हणून ज्या झटक्यानें मोठ्या माणसाची दोरी तुटते, त्याच झटक्यानें मुलाची ही पट्टी दुखावूं शकते. बाहेरच्या उंचवट्याच्या हाडावरच दाबून दुखत असेल, तर “मुलाचा पाय लचकला आहे, बरा होईल” असें म्हणून स्वस्थ बसूं नये; डॉक्टरांस दाखवावें.

हाड मोडलें कीं नुसतें लचकलें?

हा प्रश्न खेडेगांवीं फार महत्त्वाचा, कारण क्ष-किरणाचें यंत्र जवळ नसतें आणि तेथवर जाण्यास दिवस व पैसा दोन्ही खर्ची पडतात. कॅनडांतील ओटावा येथील डॉ. इयान स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इ. स. १९९२ मध्यें यासाठीं कांहीं साधे नियम प्रसिद्ध केले आणि ते आज जगभर वापरले जातात. त्यांचा सारांश असा. इजा झाल्यावर लगेच आणि नंतर तपासणीच्या वेळींहि रोग्यास लंगडत कां होईना, चार पावलें टाकतां येतात काय? दोन्ही उंचवट्यांच्या टोंकावर, किंवा त्यांच्या मागच्या कडेच्या खालच्या सहा सेंटिमीटर भागांत, हाड दाबल्यास दुखतें काय? पावलाच्या बाहेरच्या कडेस करंगळीच्या रेषेंत मध्यावर जो उंचवटा लागतो तो, अथवा आंतल्या बाजूस घोट्याच्या पुढें कमानीच्या माथ्यावर असलेलें हाड, दाबल्यास दुखतें काय? चार पावलें टाकवत नसतील, किंवा यांपैकीं एखाद्या जागीं हाड दुखत असेल, तर क्ष-किरणानें तपासणी करावी. तसें नसेल तर हाड मोडलेलें असण्याचा संभव फार थोडा असतो.

वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, या नियमांत यंत्र कोठेंच नाहीं. कोठें दुखतें आणि किती दुखतें, हें शांतपणें विचारून घेणें एवढीच यांतील विद्या आहे. पहारेकऱ्याची साक्ष नीट ऐकली, म्हणजे निम्मा निवाडा होतो.

काय करावें आणि काय करूं नये

प्रथम खेळ किंवा काम थांबवावें. पाय उशीवर किंवा घडी केलेल्या घोंगडीवर छातीपेक्षां उंच ठेवावा. थंडाव्यासाठीं बर्फ मिळाल्यास तो कापडांत गुंडाळून एका वेळीं पंधरा-वीस मिनिटें धरावा. न मिळाल्यास माठाच्या पाण्यांत भिजविलेलें फडकें पुन्हां पुन्हां ठेवावें. रुंद पट्टी बोटांच्या मुळापासून घोट्याच्या वरपर्यंत बेताच्या घट्टपणानें बांधावी. बोटें निळीं, गार किंवा बधिर झालीं तर ती लगेच सैल करावी.

पहिले दोन-तीन दिवस गरम तेलानें चोळणें, शेक देणें आणि पाय ओढणें हीं तिन्ही टाळावींत. आंत रक्त वाहत असतां उष्णतेनें व चोळण्यानें सूज वाढते. आणि हाड मोडलेलें असल्यास ओढण्यानें मोडलेले तुकडे अधिक सरकतात. आंबेहळदीचा लेप घरोघर घालितात. तो गार असेल आणि त्वचा फाटलेली नसेल तर त्यास आमची हरकत नाहीं. लेप सुकेपर्यंत रोगी जागचा हलत नाहीं, हाहि त्यांतला एक गुणच आहे. पायाळू माणसाविषयीं आमच्या मनांत आदर आहे. परंतु जन्मतांना प्रथम पाय बाहेर आले म्हणून तुटलेला तंतु जोडण्याचें सामर्थ्य त्या पायांत येत नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं निर्भयपणें समजून घ्यावें. पाऊल वांकडें दिसत असेल, जखमेंतून हाड दिसत असेल किंवा बोटें गार पडलीं असतील, तर पाय सरळ करण्याच्या भरीस न पडतां दोन्ही बाजूंनीं बांबूच्या कामट्या कापडांत गुंडाळून बांधाव्या आणि रोग्यास तडक रुग्णालयांत न्यावें.

विश्रांतीचाहि अतिरेक नको. साध्या लचकेंत दोन-तीन दिवसांनंतर वेदना सोसवेल तितकें पाऊल वरखालीं हालवावें आणि काठीच्या आधारानें थोडें थोडें चालावें. अशा बेताच्या हालचालीनें अस्थिबंध अधिक चांगला सांधतो. कित्येक आठवडे पाय बांधून पडून राहिल्यास सांधा ताठरतो आणि पोटरी वाळते. येथेंहि सल्लागार वेदनाच. व्यायामानंतर दुखणें वाढून दुसऱ्या दिवशींहि तसेंच राहिलें, तर आपण घाई केली असें समजावें.

एकदां मुरगळलेला घोटा पुन्हां पुन्हां कां मुरगळतो, याचेंहि कारण आहे. अस्थिबंधांत बारीक मज्जातंतु असतात व पाऊल कोणत्या बाजूस कललें आहे याची वर्दी ते मेंदूस देतात. दोरीबरोबर तेहि दुखावतात आणि वर्दी उशिरां पोहोंचते. त्यांस पुन्हां शिकवावें लागतें. सूज उतरल्यावर भिंतीजवळ दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट उभें राहावें. तें साधलें म्हणजे जपून डोळे मिटून उभें राहावें. दिवसांतून चार-पांच वेळां असें कांहीं आठवडे केल्यास पुन्हां मुरगळण्याचा संभव बराच कमी होतो. जो गडी हें न करितां आठ दिवसांत मैदानावर उतरतो, तो आपल्या संघाची सेवा करीत नाहीं.

मुका झालेला पहारेकरी

वर सांगितलेले ओटावाचे नियम एका माणसावर भरंवशानें लावतां येत नाहींत. तो माणूस म्हणजे ज्याच्या पावलास वेदना कळतच नाहीं असा. अशीं माणसें आमच्यापासून दूर नाहींत.

आंतल्या उंचवट्याच्या मागें, टांचेकडे जातांना, एक मज्जातंतु जातो. तळव्याचें सर्व ज्ञान मुख्यत्वें त्याच्यावर अवलंबून असतें. कुष्ठरोगाचे जंतु ज्या ठिकाणीं मज्जातंतूंस गांठतात त्यांपैकीं हें एक ठिकाण. म्हणजे घोट्यापाशीं दोरी कापली जाते आणि तळवा मुका होतो. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांस हा रोग फार वर्षांपासून परिचित आहे. कै. बाबा आमटे यांनीं वरोड्याजवळ आनंदवन उभारलें, आणि १९६७ मध्यें याच मूल तालुक्यांत सोमनाथ येथें दुसरा प्रकल्प सुरू केला. ज्यांस गांवानें वेशीबाहेर काढिलें होतें, त्यांनीं तेथें रानाची जमीन कसून भात पिकविलें.

कुष्ठरोग्याचीं बोटें व पावलें झडतात, ती त्या रोगानें मांस सडतें म्हणून, असाच जगाचा समज होता. तो समज दूर करण्यांत डॉ. पॉल ब्रँड यांचा मोठा वांटा आहे. १९१४ मध्यें दक्षिणेंतील कोल्ली डोंगरांत मिशनरी आईबापांच्या पोटीं ते जन्मले आणि १९४६ मध्यें वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शल्यवैद्य म्हणून आले. रोग्यांचें काळजीपूर्वक निरीक्षण करून त्यांनीं दाखवून दिलें कीं, पावलें झिजतात तीं वेदना नाहींशी झाल्यामुळें. तुम्हांआम्हांस खडा रुतला तर आपण थांबतों. त्यांचा खडा दिवसभर रुतून राहतो. आपला घोटा मुरगळला तर आपण लंगडतों व त्यामुळें तो बरा होतो. ते मोडलेल्या हाडावर सरळ पावलें टाकीत राहतात, आणि सांध्याचा चुरा होतो.

स्वतः डॉ. ब्रँड यांचा एक अनुभव सांगण्यासारखा आहे. एकदां लांबच्या प्रवासानंतर ते लंडन येथें रात्रीं मोजे काढीत असतां एका टांचेस कांहीं लागेना. त्यांनीं घोट्याखालीं टांचणी टोंचून पाहिली, दुखलें नाहीं. आपणांस कुष्ठरोग जडला या विचारांत त्यांनीं सारी रात्र तळमळत काढिली. सकाळीं पुन्हां टांचणी टोंचली, तों अशी कळ आली कीं ते ओरडले. प्रवासांत आंखडून बसल्यामुळें मज्जातंतु तेवढ्यापुरता बधिर झाला होता. त्या कळेबद्दल त्यांनीं देवाचे आभार मानले, आणि पुढें जन्मभर ते वेदनेस ईश्वराची देणगी मानीत राहिले.

आज कुष्ठरोग औषधांनीं पूर्ण बरा होतो आणि हीं औषधें सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात. लवकर उपचार झाल्यास पायाचें ज्ञान जाण्याची वेळ येत नाहीं. पण गेलेलें ज्ञान औषधानें बहुधा परत येत नाहीं. मधुमेहाचाहि परिणाम पुष्कळ घरांतील वडील माणसांच्या तळव्यावर असाच होतो. अशा पायांस पहारेकरी नसतो. म्हणून तेथें डोळ्यांनीं व हातांनीं पहारा करावा लागतो. रोज सायंकाळीं पाय साध्या पाण्यांत सुमारें वीस मिनिटें भिजवावे, घट्टे हलकेच घांसावे, तेल लावावें आणि तळवा, टांच व बोटांच्या बेचक्या दिव्याच्या उजेडांत नीट पाहाव्या. फोड, भेग, कांटा, सूज किंवा एका जागीं अधिक उष्णता आढळल्यास दुखत नसलें तरी डॉक्टरांकडे जावें. मऊ रबराची चप्पल घरांतहि वापरावी, आणि घालण्यापूर्वीं ती झटकून पाहावी.

वृद्धांस आपलाच तळवा वांकून पाहतां येत नाहीं. तेथें घरांतील मुलांची गरज आहे. प्रभूनें शेवटच्या भोजनाच्या रात्रीं कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, ही कथा आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. दारीं आलेल्यास पाय धुण्यास पाणी देण्याची रीत आमच्या देशांतहि घरोघर आहे. ती कथा व ती रीत यांचा अर्थ आज रात्रींच आचरणांत आणतां येईल. शेतावरून आलेल्या आजोबांचे पाय विद्यार्थ्यांनीं तांब्याभर पाण्यानें धुवावे, पुसावे आणि दिवा जवळ घेऊन पाहावे, आणि उद्यां मैदानावर एखाद्या मित्राचा पाय मुरगळला तर तो ओढण्यापूर्वीं त्यास विचारावें, “कोठें दुखतें?”